कानातला अत्तराचा फाया

अप्पा,

परवा नातीला शाळेतून गृहपाठ आला होता, आपले पणजोबा काय काम करायचे ते विचारून लिहा. ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, लिही, माझे वडील लातूरला हमाल होते, धान्याची पोती उचलायचे. तिने लिहिलं. मग पेन्सिल गालाला टेकवून म्हणाली, "म्हणजे ते गरीब होते का गं?" मी हो म्हणणार होते. होतोच की आपण गरीब. पण तोंडातून हो निघेना. मी म्हटलं, "त्यांच्या कानात अत्तराचा फाया असायचा." तिला फाया म्हणजे काय तेही सांगावं लागलं. कापसाची एवढीशी गोळी, अत्तरात बुडवलेली, कानाच्या वरच्या घडीत बसवायची. ती हसली आणि खेळायला पळाली. तिचा गृहपाठ झाला. माझा राहिला, म्हणून हे लिहायला घेतलंय.

एरवी तुम्ही कसे दिसायचात ते मला अजून डोळे मिटून सांगता येतं. कमरेला हूक, डोक्यावरून पाठीवर सोडलेलं गोणपाट, भुवयांवर तुरीच्या भुशाची पांढुरकी साय. मिरचीच्या गाड्या आलेल्या असल्या तर डोळे लाल, आणि तुम्ही घरात शिरल्याबरोबर आम्हा दोघी मायलेकींना शिंका. अव्वाने चुलीवर पाणी आधीच ठेवलेलं असायचं. तुम्ही उंबऱ्यावर बसून बादलीत पाय सोडायचात आणि म्हणायचात, "आहाहा! हे सुख निजामाला तरी भेटलं आसंल का?" अव्वा आतून म्हणायची, "निजामाला पोती उचलाय लागत न्हव्हती." तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच म्हणलो, त्याला कुठून भेटणार?" रोज हेच बोलणं, रोज तुम्ही दोघं त्यावर नव्याने हसणार. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी संध्याकाळ अशीच होते.

अमावास्येला मोंढा, तो धान्याचा बाजार, बंद. त्या दिवशी लातुरातल्या बाकीच्या हमालांनी दिवसभर झोपून काढावं आणि तुम्ही पहाटे उठावं. आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. मग पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरून तुम्ही सदऱ्याला इस्त्री करायला बसता. चांगला सदरा एकच. कॉलरची टोकं सपाट होईपर्यंत तुम्ही तांब्या फिरवता, आणि मी शेजारी बसून पाण्याचे थेंब शिंपडते. मग माझा हात धरून गोलाईच्या बाजाराकडे निघायचं. मशिदीच्या कोपऱ्यावर लाकडी पेटी मांडून एक म्हातारे अत्तरवाले बसायचे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. ते लांबूनच ओरडायचे, "आओ पैलवान, नाक लाए क्या?" तुम्ही त्यांच्यासमोर उकिडवे बसायचात आणि मनगट पुढे करायचात. गुलाब, मोगरा, केवडा, वाळा. एकेका काडीचा थेंब, एकेकदा डोळे मिटून दीर्घ श्वास. चाचा काही घाई करायचे नाहीत, गिऱ्हाईक एका फायाचं आहे हे त्यांना ठाऊकच होतं. शेवटी तुम्ही म्हणायचात, "हिना." दर अमावास्येला हिनाच. मी एकदा विचारलं होतं, हिनाच घ्यायचा असतो तर बाकीचे वास कशाला घेता? तुम्ही म्हणालात, "अक्का, सगळा बगीचा फिरून आलो आन् एक फूल तोडलं. फिरायचं कुणी आडिवलं का?"

तिथून हॉटेल. आत बायकांसाठी पडदा लावलेला कप्पा होता, पण तुम्ही मला कधी पडद्यामागे बसवलं नाही. रस्त्याकडच्या टेबलाशी समोरासमोर दोन खुर्च्या. एक प्लेट सुशीला, ते भिजवलेले चुरमुरे कांद्यामिरचीच्या फोडणीत परतलेले, वर डाळ्याचं पीठ भुरभुरलेलं. चमचे दोन. चहा एकच, माझा वाटा बशीत. वेटरने पाण्याचा ग्लास समोर ठेवला की तुम्ही मान झुकवून त्याला "मेहेरबानी" म्हणायचात. मी सहा-सात वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. चार घोटांत माझी बशी रिकामी झाली आणि मी खुर्चीवरून उतरून चला म्हणाले. तुम्ही मला क्वचितच रागवायचात, पण त्या दिवशी तुमचा आवाज चढला. "बस खाली. ह्या चहात चहाचं मोल थोडं हाय, खुर्चीचं जास्त. महिनाभर दुसऱ्याचं वजन माझ्या पाठीवर आसतंय. आज माझं वजन मी खुर्चीवर टाकलोय. बस." मी बसले. तुम्ही उरलेला चहा इतका सावकाश प्यालात की त्यावर साय धरली. तीही तुम्ही बोटाने उचलून खाल्लीत.

अव्वाला यातलं काही मानवायचं नाही. ती वाईट नव्हती अप्पा, तुम्हाला तर माहीतच आहे. तिला काळजी करायची सवय होती, आणि ती करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. "लेकराला वही न्हाई आन् ह्यांच्या कानाला अत्तर पायजे," ती म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "वहीबी आणू की." आणायचातही. पण ती आपल्याबरोबर हॉटेलात एकदाही आली नाही. उघड्यावर बसून खायला मी काय जत्रेला आलेय का, असं म्हणून ती दार लोटून घ्यायची.

मग ते दुष्काळाचं साल आलं. आदल्या वर्षीही धड पिकलं नव्हतं, त्या वर्षी तर पेरलेलं उगवलंच नाही. मोंढ्यात गाड्या येईनाशा झाल्या. हमाल बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून राहू लागले. तुम्ही रोज हूक घेऊन जायचात आणि तसाच कोरडा हूक घेऊन परत यायचात. शेवटी खोलीला कुलूप घातलं आणि आपण तिघं देवणीकडे, अव्वाच्या माहेरी निघालो. तिथे पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. निघायच्या दिवशी तुम्ही चाचांना भेटायला गेलात, मी बरोबर होते. त्यांनी पेटीच्या तळातून एक शिशी काढली, माझ्या करंगळीएवढी, आणि तुमच्या मुठीत दाबली. तुम्ही नको म्हणालात. ते म्हणाले, "रख ले. नाक उपाशी मत रख." तुमचे डोळे भरून आले ते मी पाहिलं. मिरचीच्या धुळीशिवाय तुमच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं.

मामांचा गोठा रिकामा होता. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन देवणी गाई चारा छावणीत नेऊन बांधल्या होत्या आणि मामा तिकडेच राहायचे. आपण गोठ्यातच चूल मांडली. सकाळी अंधारात निघून तलावाच्या कामावर पोचायचं. मुरमाचं उघडं रान, तिथे शंभर-दीडशे माणसं खणतायत, पाट्या वाहतायत. तुम्ही खणायचात, अव्वा पाटी उचलायची, आणि मी शाळा सोडून तिच्या मागे लहानशी टोपली घेऊन. रेशनवर लाल मिलो मिळायचा, ती परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी चिवट, घशाखाली उतरायची नाही, लेकरं रडायची. तुम्ही काय करायचात? दुपारी सुट्टी झाली की भाकरीचे तुकडे काटक्या-चगळाच्या विस्तवावर पापडासारखे कुरकुरीत भाजायचात, मीठ-मिरची चोळायचात, मग एक सपाट दगड शोधून तो खांद्यावरच्या टॉवेलने पुसायचात आणि कामाकडे पाठ करून, लांबच्या डोंगराकडे तोंड करून खायला बसायचात. खाताना मुद्दाम कुरुमकुरुम आवाज. आठवडाभरात निम्मी माणसं भाकरी भाजायला लागली आणि दुपारी त्या डोंगराकडे तोंड करून बायाबापड्यांची रांगच बसू लागली. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो डोंगर हितं जल्मभर हाय, पर म्या कवा बघितला न्हवता."

अमावास्येला तलावाचं काम बंद नसायचं. पण तुमची अमावास्या चुकली नाही. पाणी हंड्याहंड्याने मिळत होतं तेव्हा तुम्ही आदल्या दिवशीच्या पिण्यातलं तांब्याभर वाचवून सदरा धुतलात, निखाऱ्यांच्या तांब्याने इस्त्री केलीत, शिशीचं बूच काडीने उघडून फाया कानात बसवलात आणि कुदळ खांद्यावर टाकून निघालात. अव्वा वाटभर तुमच्या दहा पावलं पुढे चालली. त्या दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते. हजेरीच्या मस्टरचा कारकून सकाळपासून इकडेतिकडे धावत होता. तुमच्याजवळून जाताना तो थबकला, नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाला, "ए, कानातलं काढ ते. साहेब येऊन राहिले." तुम्ही म्हणालात, "हाव," आणि खणायला लागलात. फाया काढला नाहीत.

जीप आली. साहेब उतरले, आणि मी हे विसरणं शक्यच नाही, ते समोरच्या सगळ्या माणसांना ओलांडून सरळ तुमच्याकडे आले. पांढरा इस्त्रीचा सदरा, कपाळी विभूती, अंगाला वास. त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "काय गुत्तेदार, काम कसं चाललंय तुमचं?" साहेबांना तुम्ही कामाचे कंत्राटदार वाटला होतात. मग तुम्ही हात जोडून म्हणालात, "काम बरं चाललंय साहेब. पर पाणी लांबून आणावं लागतंय, बाया दमून जायल्यात. बैलगाडीवर एखादी टाकी दिली तर बरं हुईल." साहेबांनी लगेच मागच्या माणसाला लिहून घ्यायला सांगितलं. "आणि काही?" "मस्टर उशिरा मांडतेत, तेवढं बघा." तेही लिहून घेतलं. तुम्ही एक शब्द खोटा बोलला नाहीत. गुत्तेदार न्हाई, मी मजूर हाय, एवढं मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. जीप पाठमोरी झाल्याबरोबर बायांनी तोंडाला पदर लावले. इतकं हसणं त्या माळावर आधी कधी झालं नसेल.

कारकून मात्र हसला नाही. संध्याकाळी हजेरी घेताना त्याने तुमच्या नावावर आडवी रेघ ओढली. "ज्याला अत्तर परवडतंय त्याला दुष्काळ कसला? उद्यापासून येऊ नको." तुम्ही म्हणालात, "शिशी बक्षिसाची हाय." तो म्हणाला, "मग बक्षीसच खा."

त्या संध्याकाळी वाटेत मी तुम्हाला बोलले. दहा वर्षांची होते, भुकेली होते, पण ते काही कारण नव्हे. मी म्हणाले, "तुमच्या अत्तरानं नाव काटलं. अव्वा म्हणते ते खरंय." तुम्ही थांबलात, मला समोर उभं केलंत. मला वाटलं आता मारणार. तुम्ही म्हणालात, "अक्का, मी कुदळ कमी मारलो का? कुणाचं चोरलो का? मग गरिबानं घाण वासच द्यावा, हे कुणी ठरिवलं?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी बसला नाहीत. आमच्याबरोबर आलात, बाभळीखाली जिथे बायांच्या तान्ह्या पोरांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या तिथे जाऊन बसलात, आणि दिवसभर झोके देत राहिलात. पोरं रडली की उचलून खांद्यावर घ्यायची, ढुंगण पुसायचं, मुठीत खडा देऊन खेळवायचं. शंभर किलोचं पोतं पेलणारा माणूस दोन्ही हातांनी तान्हं लेकरू धरून उभा आहे हे पाहून बाया पाटी घेऊन जाताजाता थांबायच्या. कारकून तिकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. असे तीन दिवस गेले. अव्वाच्या एकटीच्या हजेरीवर तिघांचं निघेना. तिसऱ्या रात्री तिने तिच्या वाट्याची भाकरी मला दिली आणि पोट दुखतंय म्हणाली. तुम्हाला ते कळलं. तुम्ही बाहेर जाऊन ओट्यावर बसलात. मी आतून पाहत होते. तुम्ही शिशी खिशातून काढलीत, दारातून येणाऱ्या चुलीच्या उजेडाकडे धरून किती राहिलंय ते पाहिलंत, आणि मला वाटलं आता ही फेकून देणार. तुम्ही आत येऊन ती कोनाड्यात ठेवलीत, नीट उभी.

चौथ्या दिवशी सकाळी अव्वा आपल्या आधीच निघून गेली होती. आपण दोघं पोचलो तेव्हा हजेरी सुरू होती. कारकून एकेक नाव घेत होता आणि मध्येच थांबून हवा हुंगत होता. सगळ्या माळावर हिना दरवळत होता. तो तुमच्यावर ओरडला, "तू परत आलास?" तुम्ही लांब होतात, वाराही उलटा होता. तेव्हा अव्वा रांगेतून पुढे झाली. माझी अव्वा, जी परक्या पुरुषासमोर मान वर करायची नाही, तिने डोक्यावरचा पदर ठीक केला आणि आपलं मनगट त्याच्या मस्टरवर ठेवलं. "वास माझा हाय. माझंबी नाव काटा." तिच्या मागची बाई म्हणाली, "माझाबी हाय." तिच्या मागची म्हातारी, ती डोंगर बघणारी, कानातला फाया काढून दाखवत म्हणाली, "माझाबी. काटा." एकेक करून चाळीस-एक बाया. अव्वाने पहाटे उठून, पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बायांना काडी काडीने अत्तर लावलं होतं, कुणाच्या कानात फाया बसवला होता.

कारकून लालबुंद झाला. "हे काय कामाचं ठिकाण हाय का लग्नाचा मांडव?" म्हातारी म्हणाली, "मांडवच समज बाबा. वऱ्हाडी हाजिर हायत, मस्टर मांड." चाळीस नावं खोडली तर वर काय सांगणार होता तो? त्याने पेन झटकलं आणि तुमचं नाव पुन्हा लिहिलं, खाली, अगदी शेवटी. अक्षर इतकं दाबून की खालच्या पानावर उमटलं असेल.

दुपारी तुम्ही अव्वाला म्हणालात, "सगळी शिशी संपिवलीस?" ती म्हणाली, "हाव. आता सालभर वासाचं नाव काढू नका." आणि मग तुमच्या शेजारी, त्या पुसलेल्या दगडावर, डोंगराकडे तोंड करून ती बसली. तुम्ही सरकून जागा केलीत. मी मागून तुमच्या दोघांच्या पाठी बघत होते. लग्नाला बारा वर्षं झालेली माणसं तुम्ही, पण तुम्ही दोघं निवांत शेजारी बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. पुढे बैलगाडीवरून पाण्याची टाकीही आली. बाया तिला गुत्तेदाराची टाकी म्हणायच्या.

वर्षाने आपण लातूरला परतलो. पुढच्या अमावास्येला अव्वा आपण होऊन चप्पल घालून दारात उभी राहिली. हॉटेलात तिने पडद्यामागे बसायला साफ नकार दिला. एक प्लेट, चमचे तीन. मला वाटतं, वेटर तुमच्यापेक्षा तिलाच घाबरायचा.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी मॅट्रिक आणि टायपिंग होऊन बसले होते. नवं कलेक्टर ऑफिस उघडलं, जुन्या जिल्ह्यातून फायलींचे गठ्ठे ट्रकने आले आणि ते उतरवायला हमाल बोलावले त्यांत तुम्हीही होतात. घरी येऊन म्हणालात, "अक्का, आज सगळा जिल्हा पाठीवर आणलो." काही महिन्यांनी त्याच गठ्ठ्यांच्या खोलीत मी कारकून म्हणून लागले. तुम्ही मला एकच गोष्ट सांगितलीत. "खुर्ची भेटली तर नीट बस. आन् समोर उभं राहिलेल्याचं नाव काटताना दोनदा बघ." मी सदतीस-अडतीस वर्षं नोकरी केली, शेवटी नांदेडला बदली होऊन तिथूनच निवृत्त झाले. दोनदा बघायची सवय मात्र सुटली नाही. माझी कामं त्यामुळे नेहमी मागे राहायची, साहेब लोक बोलायचे.

पहिल्या पगारात मी तुमच्यासाठी हिन्याची मोठी बाटली आणली. नक्षीची, काचेच्या बुचाची. मला वाटलं तुम्ही नाचाल. तुम्ही ती हातात घेऊन खूप वेळ फिरवलीत, वास घेतलात, छान म्हणालात आणि मग जरा संकोचून म्हणालात, "अक्का, लई हाय गं हे. एवढं घरात आसल्यावर अमावास्येची वाट कशाला बघू?" मला वाईट वाटलं, मी फणकारले. पुढच्या अमावास्येला तुम्ही ती बाटली घेऊन मोंढ्यात गेलात आणि हमालांच्या कट्ट्यावर बसून येईल त्याच्या कानात एकेक फाया घातलात. एका दिवसात बाटली रिकामी करून आलात. येताना चाचांकडून नेहमीसारखा एक फाया घेतला होतात. मी तेव्हा अव्वाजवळ तक्रार केली. अव्वा म्हणाली, "त्यांला देऊ नकोस काही. त्यांला फक्त सोबत जा." मग मी तेच करू लागले. ऑफिसला सुट्टी टाकून तुमच्याबरोबर हॉटेलात. पैसे देते म्हटलं तर तुम्ही माझा हात धरायचात.

तुमची पाठ गेली ती एकदम गेली. खाटेवर पडून तुम्ही काही महिने काढलेत, आणि त्यातही रोज काही ना काही शोधून काढायचात. दुपारी कौलांच्या फटीतून येणारा कवडसा कुठून कुठे सरकतो ते तुम्ही अव्वाला दाखवायचात. माठातलं पाणी आधी ओठाला लावून थांबायचात, मग प्यायचात. शेवटच्या उन्हाळ्यात अमावास्येला मी एकटीच गोलाईवर गेले. चाचा नव्हते, त्यांचा मुलगा होता आणि त्याच्याकडचा हिना संपला होता. मी वाळ्याचा फाया घेतला. वाटभर ठरवत होते, तुम्हाला सांगायचं की आज बदल म्हणून वाळा. घरी येऊन तुमच्या कानात फाया बसवला. मी बोलायच्या आत तुम्ही डोळे मिटलेत, मोठा श्वास घेतलात आणि म्हणालात, "वा! हिना म्हणजे हिना." तेव्हा मला कळलं की तुमचं नाक गेलंय. कधी गेलं कुणास ठाऊक, तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत. मी म्हणाले, "हो अप्पा, चाचांनी खास काढून ठेवला होता." तुम्ही तो फाया तीन दिवस काढू दिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर माणसं माझं सांत्वन करायला यायची, म्हणायची, बिचाऱ्यानं जन्मभर कष्टच केले. मी मान डोलवायचे. खरं तर मला तेव्हा सगळ्यांना थांबवून सांगायचं होतं की ज्याला तुम्ही बिचारा म्हणताय त्याच्यासारखा चहा प्यालेला माणूस तुम्ही पाहिलेला नाही. बोलले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एवढं कबूल करून टाकते. हे मी घरी बसून लिहिलेलं नाही. नांदेडात स्टेशनजवळ एक हॉटेल आहे, तिथे खिडकीपाशी बसून लिहिलंय. सकाळपासून एक प्लेट भजी झाली, चहा झाला, दुसरा सांगितलाय. दर महिन्यात एकदा मी इथे येते. घरात कुणाची ना नाही, मुलगा-सून दोघंही चांगली आहेत, म्हटलं तर गाडीने सोडतील. पण साठी ओलांडलेल्या बाईने एकटीने हॉटेलात बसून भजी खावीत, हे घरी सांगायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून दर वेळी पासबुक पिशवीत टाकते आणि बँकेत जाते असं सांगून निघते. तुम्ही जीपसमोर उभे राहिलात, अव्वाने मनगट मस्टरवर ठेवलं, आणि तुमची मुलगी ही अशी. आत्ताच सुनेचा फोन येऊन गेला. विचारत होती, इतका वेळ कसा लागला, बँकेत गर्दी आहे का. मी म्हटलं, हो गं, लई गर्दी हाय.